कोर्टाचा पुकारा आणि आपली हजेरी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय निवडण्याची मुभाही दिली. आमच्या वयाच्या माणसाने अशा प्रसंगी संस्कार, शिक्षण किंवा ज्ञातीचा पूर्वेतिहास यांवर बोलावे अशी रीत आहे. ती मोडून आम्ही आज कोर्टाच्या तारखेविषयी बोलणार आहोत. मंगल प्रसंगी असला अमंगल विषय का काढला, असे कित्येकांच्या मनात येईल. परंतु चाळीस वर्षे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांत वकिली केल्यावर आमचे असे मत झाले आहे की, आपल्या कुटुंबांचे जे नुकसान खोट्या दाव्यांनी झाले नाही, ते खऱ्या बाजूच्या गैरहजेरीने झाले आहे. तेव्हा हा विषय घरच्याच मंडळींपुढे मांडणे आम्हांस उचित वाटते.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सर्वांनी वडिलांच्या तोंडून ऐकली आहे. म्हण खोटी नाही. क्षुल्लक बांधासाठी, मानापमानासाठी किंवा भावकीतील ईर्षेसाठी जो दावे लावीत सुटतो, त्याला ती लागू आहे. पण ज्याला कोर्टाने बोलाविले आहे, त्याला ती लागू नाही. त्याने पायरी चढावयाची की नाही हा प्रश्न उरलेलाच नसतो. आपण चढून आपले म्हणणे सांगावयाचे, की आपल्या पाठीमागे दुसऱ्याचेच म्हणणे खरे धरले जाऊ द्यावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. हा भेद न कळल्यामुळे आमच्याच घरात काय घडले, ते प्रथम सांगतो.

गोष्ट १९७० च्या सुमाराची आहे. आम्ही तेव्हा शाळेत होतो. घरचा कारभार आमचे थोरले काका पाहत. माणूस करारी, सत्यनिष्ठ आणि हट्टी. एके दिवशी, आजोबांच्या श्राद्धाची पाने वाढलेली असताना, कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन दारात आला. आमच्या चुलत घराण्यातील एका गृहस्थाने वाडा आणि मळ्यातील विहीर यांत निम्म्या हिश्शाचा दावा लावला होता. वस्तुतः या मिळकतीची वाटणी दोन भावांमध्ये कितीतरी वर्षांपूर्वी झाली होती आणि दोघांच्या सह्यांची यादी काकांच्या लाकडी पेटीत होती. काका बेलिफाला म्हणाले, ‘‘आज श्राद्ध आहे. आणि एरवीही आम्ही हा कागद घेणार नाही. आमच्या घराण्यात कोणी कोर्टाची पायरी चढलेले नाही.’’ बेलीफ बिचारा आपले काम करणारा. त्याने समन्सची प्रत दिंडीदरवाजावर चिकटविली, शेजारच्या दोघांची नावे टिपून घेतली आणि तो गेला. काकांनी ती प्रत फाडली व पाने मांडलेल्या ओटीवर परत येऊन बसले.

पुढे सारे कायद्याच्या ठरल्या वाटेने झाले. तारखेस वादी हजर, प्रतिवादी गैरहजर. वाटणी कधी झालीच नाही असे वादीने शपथेवर सांगितले. त्याला उलट प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. एकतर्फा हुकूमनामा झाला. काकांना त्याची कुणकुण लागली, तरीही त्यांचे म्हणणे एकच, ‘‘कागद आमच्या पेटीत आहे. सत्य आहे ते आहे.’’ दीड वर्षाने कोर्टाचे कमिशनर साखळी घेऊन वाडा मोजावयास आले, तेव्हा काका वकिलाकडे धावले. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज झाला. परंतु समन्स नाकारले होते, दारावर डकविले होते, हुकूमनाम्याची माहितीही होती, आणि विलंबाचे समाधानकारक कारण सांगता येत नव्हते. अर्ज नामंजूर झाला. माजघराच्या मधून भिंत घातली गेली, ती आजही उभी आहे.

पुढे वकील झाल्यावर आम्ही ती यादी पेटीतून काढून पाहिली. तेवढ्या कागदावर काका दावा जिंकलेच असते, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. कागद नोंदलेला नव्हता, त्यावर वाद झाला असता. पण तो वाद झालाच नाही, कारण कागद कोर्टापुढे गेलाच नाही. न्यायाधीश पेटीतले सत्य पाहू शकत नाही. त्याच्यापुढे जे येते, तेवढ्यावरच त्याला निकाल द्यावा लागतो.

हजर राहण्याचे हे बंधन इंग्रजांनी आणलेले नवे लोढणे आहे, असा कित्येकांचा समज असतो. तोही बरोबर नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे तंटा उभा राहिला, म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांकडूनही जामीन घेत. वेळेस हजर करण्याचा तो हजीरजामीन, आणि निवाड्याप्रमाणे वागण्याचा तो वर्तणूकजामीन. बोलावूनही जो येत नसे, त्याच्या दारात मोहसल बसवीत, आणि त्या शिपायाचा खर्चही त्याच्याच माथी पडे. तात्पर्य, दोन्ही बाजू समोर असल्याशिवाय निवाडा नीट होत नाही, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. शब्द बदलले, तत्त्व तेच राहिले.

आता दिवाणी कोर्टाची आजची रीत पाहू. हे काम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालते. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे आणि आरोपही नव्हे. ते एक निमंत्रण आहे. ‘अमुक इसमाने तुमच्याविरुद्ध असे म्हटले आहे, तुमचे काय म्हणणे आहे?’ एवढाच त्याचा अर्थ. त्यासोबत दाव्याची प्रत येते. समन्स लागू झाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली लेखी कैफियत द्यावयाची असते; कोर्टाने सकारण मुदत वाढविली तरी सामान्यतः ती ९० दिवसांच्या पुढे जात नाही.

समन्स न घेतल्याने ते टळत नाही. घरातील कोणा प्रौढ व्यक्तीच्या हाती दिले तरी ते लागू होऊ शकते. पूर्वी त्यासाठी प्रौढ पुरुषच लागे. दिवाणी कामात १९७६ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष हा भेद गेला. फौजदारी कामात तो पुढेही राहिला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, तेव्हा तेथूनही तो गेला. म्हणून भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. ‘घरात पुरुषमाणूस नाही, नंतर या’ असे सांगून भागण्याचे दिवस संपले. तुमच्या हाती दिलेला कागद हा यजमानांच्याच हाती दिलेला कागद ठरू शकतो. तो देव्हाऱ्यामागे किंवा धान्याच्या कोठीत ठेवू नका. त्याच दिवशी ज्याचा त्याला द्या आणि मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा. त्याचप्रमाणे नोंदणी टपालाने आलेले समन्स परत पाठविले आणि पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, तर कोर्ट ते लागू झाले असे धरते. नकार देणारा मनात म्हणतो, ‘मी सुटलो.’ वस्तुतः दाव्यात काय लिहिले आहे हे वाचण्याची संधी मात्र त्याने गमावलेली असते.

तारखेच्या दिवशी शिपाई नावाचा पुकारा करतो. त्या वेळी चार प्रकार संभवतात. दोन्ही बाजू हजर असल्या तर काम पुढे चालते. दोन्ही गैरहजर राहिल्या तर दावा काढून टाकता येतो. वादी हजर आणि प्रतिवादी गैरहजर, समन्सही रीतसर लागू झालेले, असे असेल तर कोर्ट एकतर्फा काम चालविते. उलट प्रतिवादी हजर आणि वादीच गैरहजर असेल तर, प्रतिवादीने मागणी कबूल केली असेल तेवढा भाग वगळून, दावा काढून टाकला जातो. या शेवटच्या प्रकाराकडे आम्ही तुमचे लक्ष वेधू इच्छितो. गैरहजेरीचा फटका प्रतिवादीलाच बसतो असे नव्हे. वादीचा दावा अशा रीतीने गेला, तर त्याच कारणासाठी त्याला नवा दावा आणता येत नाही. जुनाच दावा पुन्हा दाखल करून घ्यावा, असा अर्ज करावा लागतो आणि न येण्याचे पुरेसे कारण दाखवावे लागते.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. वकिलीच्या आरंभीच्या काळात एका विधवा भगिनीच्या दाव्याची तारीख आमच्या डायरीत चुकीच्या पानावर लिहिली गेली. पुकारा झाला, बाई नाहीत, आम्हीही नाही. दावा निघाला. सायंकाळी कारकुनाने सांगितले तेव्हा आमच्या पायांखालची जमीन सरकली. दुसऱ्याच दिवशी आमची चूक शपथेवर कबूल करून आम्ही अर्ज दिला. कोर्टाने प्रतिपक्षाचा खर्च देण्याच्या अटीवर दावा पुन्हा घेतला, आणि तो खर्च आम्ही आमच्या खिशातून भरला. वकिलाच्या दोषाचे प्रायश्चित्त निरपराध पक्षकाराला देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले आहे. परंतु या आधारावर विसंबून घरी बसणे शहाणपणाचे नाही. पक्षकाराने आपल्या कामाची चौकशीच केली नाही, तर कोर्ट त्यालाही दोष देते. वकीलपत्र दिले म्हणजे काळजीही दिली, असे होत नाही. पुढील तारीख कोणती आणि त्या दिवशी काय काम आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी आपल्या वकिलास विचारा. चांगल्या वकिलास त्याचा राग येत नाही.

एकतर्फा काम सुरू झाले म्हणजे सर्व बुडाले, असेही नाही. निकाल होण्यापूर्वी प्रतिवादी पुढच्या तारखेस हजर झाला आणि मागील गैरहजेरीचे योग्य कारण दाखविले, तर त्याला पहिल्यापासून हजर असल्याप्रमाणे ऐकता येते. तसे कारण दाखविता आले नाही तरी, काम ज्या टप्प्यावर असेल तेथून पुढे भाग घेण्याचा त्याचा हक्क जात नाही. हे तत्त्व १९५५ साली संग्रामसिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. कार्यपद्धतीचे नियम न्याय सुलभ व्हावा म्हणून आहेत, माणसाला पायात अडकवून पाडण्यासाठी नाहीत, हा त्या निकालाचा आशय आहे. यास्तव उशीर झाला म्हणून निराश होऊन घरी बसू नये. उशिरा गेलेला मनुष्य थोडे गमावतो. न गेलेला सर्वच गमावतो.

हुकूमनामा होऊनच गेला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी दोन कारणे चालतात. एक, समन्स रीतसर लागू झाले नव्हते. दुसरे, हजर राहण्यास पुरेशा कारणाने अडथळा झाला. अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस, आणि समन्सच लागू झालेले नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. वादीचा काढून टाकलेला दावा परत घेण्यासाठीही ३० दिवसच आहेत. विलंब माफ होऊ शकतो, पण त्याचे समाधानकारक कारण द्यावे लागते. समन्स लागू करण्यात काही बारीक अनियमितता झाली, परंतु तारीख तुम्हांस वेळेवर माहीत होती, असे दिसले तर त्या अनियमिततेचा आधार मिळत नाही. आमच्या काकांचे घोडे येथेच अडले.

फौजदारी कोर्टाचा प्रकार अधिक कडक आहे, कारण तेथे प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा असतो. साधारण क्रम असा : प्रथम समन्स, त्याला न जुमानल्यास जामीनपात्र वॉरंट, त्यानेही न आल्यास अजामीनपात्र वॉरंट. अजामीनपात्र वॉरंट सरसकट काढू नये, शक्य तेथे आधी सौम्य उपाय योजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी यांच्या प्रकरणात सांगितले आहे. तथापि एकदा निघालेले वॉरंट आपोआप शिळे होत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा कोर्टाने रद्द करीपर्यंत जिवंत राहते. दहा वर्षांपूर्वीच्या किरकोळ खटल्यातील विसरलेले वॉरंट मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात दारात उभे राहिलेले आम्ही पाहिले आहे.

त्याहूनही जो लपून राहतो, त्याच्याविरुद्ध जाहीरनामा निघतो. त्यात हजर होण्यास किमान ३० दिवसांचा अवधी द्यावा लागतो. मालमत्तेची जप्तीही होऊ शकते. जाहीरनाम्यास न जुमानणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे स्वतंत्र गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठराविक गंभीर गुन्ह्यांत घोषित फरारी ठरलेल्यास ७ वर्षांपर्यंत. अशा घोषित फरारी आरोपीचा खटला, आरोप निश्चित झाल्यापासून ९० दिवस गेल्यावर आणि कायद्यातील इतर अटी पुऱ्या झाल्यावर, त्याच्या गैरहजेरीतही चालवून निकाल देण्याची तरतूद २०२४ पासून आली आहे. जामिनावर सुटलेला मनुष्य पुरेशा कारणाविना तारखेस आला नाही, तर तोही वेगळा गुन्हा आहे. त्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे मूळ खटल्यात जो निर्दोष सुटला असता, तो केवळ न जाण्याने दोषी ठरतो.

फिर्याद देणाऱ्यांनीही सावध असावे. समन्स-खटल्यात फिर्यादी तारखेस गैरहजर राहिला, आणि काम तहकूब करण्यास किंवा त्याची हजेरी माफ करण्यास कोर्टास कारण दिसले नाही, तर त्याला हजर होण्यास ३० दिवसांचा अवधी दिल्यानंतर आरोपीची निर्दोष मुक्तता होते. न वटलेल्या धनादेशाच्या फिर्यादी करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. पैसे तर गेलेले असतातच. तारखा चुकविल्या की फिर्यादही जाते.

जामीन राहणाऱ्याविषयी दोन शब्द. आपल्या ज्ञातीत ‘आपला माणूस’ म्हणून जामीन राहण्याची रीत आहे, आणि ती माणुसकीची आहे. परंतु कशावर सही करतो हे पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्या परिचयाच्या एका किराणा दुकानदाराने दूरच्या नातलगाच्या मुलासाठी, मोटार अपघाताच्या खटल्यात, १५ हजार रुपयांचा जामीन लिहून दिला. मुलगा पुढे नोकरीसाठी परराज्यात गेला आणि तारखांना येईनासा झाला. कोर्टाने बंधपत्र जप्त करून जामीनदारास नोटीस काढली. दुकानदार आमच्याकडे येऊन रडकुंडीस येऊन म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, गुन्हा माझा नाही, गाडी माझी नाही, मुलगाही माझा नाही.’’ आम्हांस सांगावे लागले, ‘‘सही तुमची आहे.’’ मुलगा चार दिवसांत परत आला, कोर्टापुढे उभा राहिला, म्हणून रकमेत पुष्कळ सूट मिळाली. तरुणांना आमचे सांगणे आहे : तुमच्यासाठी जो उभा राहिला, त्याच्या घरच्या चुलीवर तुमच्या गैरहजेरीचा चटका बसतो. तुम्ही तारखेस जाता, ते त्याच्याही अब्रूसाठी जाता.

साक्षीदारही या बंधनातून सुटत नाही. ‘भांडण दोघांचे, आम्ही कशाला वाईट व्हावे?’ हा विचार आपल्याकडे फार. पण साक्षीसमन्स नाकारणाऱ्यावर दिवाणी कोर्ट वॉरंट काढू शकते, ५ हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते. आणि कोर्टाच्या आदेशाप्रमाणे जाणूनबुजून हजर न होणे हा गुन्हाही असून त्यास ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा प्रवासखर्च व भत्ता बोलावणाऱ्या पक्षाने कोर्टात भरावयाचा असतो, तो मागून घेण्यात कमीपणा नाही. कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. उद्या आपल्या मुलाचा बाजूने बोलणारा साक्षीदार घरी बसला, तर आपणांस कसे वाटेल?

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आपसांत तडजोड करावी, कज्जे घरातच मिटवावे, असे ज्ञातिसंस्था सांगतात. तडजोडीसारखे उत्तम काही नाही. परंतु घरी केलेली तडजोड कोर्टास कळवावीच लागते. आपल्यातीलच दोन कुटुंबांत शेताच्या बांधावरून दावा होता. मध्यंतरी त्यांच्यात सोयरीक जुळली, मांडवातच दोन्हीकडच्या वडिलांनी हातात हात दिले आणि दोघेही कोर्टास जावयाचे थांबले, असा प्रतिवादीचा समज झाला. पण वादीच्या थोरल्या मुलास ती तडजोड मान्य नव्हती. तो वडिलांस घेऊन तारखेस जात राहिला. निकाल एकतर्फा झाला. सोयरीक टिकली, पण व्याह्याव्याह्यांत बोलणे उरले नाही. तडजोड झाली असेल तर ती लेखी करून, दोघांच्या सह्यांनिशी कोर्टात दाखल करा. मग तिलाच हुकूमनाम्याचे बळ येते. लोकअदालतीत मिटलेल्या कामाचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते, आणि भरलेली कोर्ट-फी परत मिळू शकते. तेव्हा मिटवावयाचे असले तरी हजर राहिलेच पाहिजे.

आणि हेही स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो की, कोर्टात जाऊ नको, गेलास तर ज्ञातीतून बाहेर, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पंचास किंवा संस्थेस नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली असला बहिष्कार गुन्हा ठरतो. हिश्श्यासाठी भावाविरुद्ध कोर्टात जाणारी बहीण किंवा पोटगीसाठी जाणारी सून आपल्या संमेलनात तितक्याच मानाने बसली पाहिजे. पोटगीच्या कामी पतीने हेतुतः टाळाटाळ केली तर तेथेही एकतर्फा आदेश होऊ शकतो; तो रद्द करण्याचा अर्ज ३ महिन्यांच्या आत, योग्य कारण दाखवून करावा लागतो. ‘ती थकेल आणि गप्प बसेल’ या भरवशावर राहणाऱ्या घरांनी हे ऐकून ठेवावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. समन्स हाती आले की कोर्टाचे नाव, दाव्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ प्रथम पाहा. दाव्याची प्रत मागून घ्या. त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. तारखेच्या आदल्या रात्री नव्हे. कोर्टात वेळेपूर्वी पोहोचा आणि बोर्डावर आपल्या कामाचा क्रमांक पाहा. पुकारा होईपर्यंत चहाच्या टपरीवर गप्पांत रमू नका. पुकारा तेवढ्यातच होतो, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह वकिलामार्फत मुदतीचा अर्ज द्या. निरोप पुरत नाही. फौजदारी खटल्यात वृद्ध, आजारी किंवा दूर राहणाऱ्या आरोपीस व्यक्तिशः हजेरीची माफी मागता येते, पण ती आधी मागावी लागते. परदेशी असलेल्या मुलांनी मिळकतीच्या कामासाठी रीतसर मुखत्यारपत्र करून ठेवावे. घर बदलले तर नवा पत्ता वकिलास आणि कोर्टास कळवावा.

आजकाल प्रत्येक प्रकरणास १६ अक्षरांचा एक सी. एन. आर. क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो घातला की पुढील तारीख घरबसल्या दिसते. घरातील शाळकरी मुलेही हे करून देतील. वकिलाची ऐपत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे सर्व स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी होते.

एक इशाराही देतो. नव्या कायद्याने समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविण्याची सोय केली आहे, आणि तिचाच आडोसा घेऊन भामटे फिरत आहेत. कोणी दूरध्वनीवर पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे सांगून ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा’ असे म्हटले, तर ते निखालस खोटे समजावे. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. खरे समन्स पैसे मागत नाही. ते तुम्हांस कोर्टात बोलाविते. कोर्टाचे नाव आणि प्रकरणाचा क्रमांक घेऊन प्रत्यक्ष कोर्टात किंवा वकिलामार्फत खात्री करावी.

आणि सर्व करूनही तारीख चुकलीच, तर? त्याच दिवशी, कोर्ट उठण्यापूर्वी जा. ते न जमल्यास दुसऱ्या दिवशी जा. खरे कारण सांगा. वॉरंट निघाले असेल तर लपू नका. स्वतः कोर्टापुढे उभे राहून ते रद्द करण्याचा अर्ज द्या. स्वतःहून आलेल्या माणसाकडे आणि पकडून आणलेल्या माणसाकडे पाहण्याची न्यायाधीशाची दृष्टी एक नसते.

चालकांस आमची एक विनंती आहे. संस्थेत विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी आहे, तशी महिन्यातून एक दिवस कायदेसल्ल्याची बैठक सुरू करावी. आपल्यात वकील पुष्कळ आहेत. कोणाच्या घरी समन्स आले तर त्याने ते तेथे आणून दाखवावे, आणि तारखेच्या दिवशी वृद्ध व एकट्या माणसासोबत कोणीतरी कोर्टात जावे. आम्ही स्वतः त्यासाठी प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार देण्यास तयार आहोत.

आमच्या काकांची ती लाकडी पेटी आता आमच्याकडे आहे. यादीही तीतच आहे. नातवंडे विचारतात, ‘‘आजोबा, हा कागद कशाचा?’’ आम्ही सांगतो, ‘‘बाळांनो, हा कागद कोर्टात जावयाचा राहिला.’’ आपल्यापैकी कोणाच्याही घरात असा कागद राहू नये, एवढीच इच्छा आम्ही व्यक्त करतो.